मे महिन्यात मुलांच्या वर्गात पुस्तक वाचायला जाताय?

मार्च-एप्रिल आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येतोच: "शाळेतून ईमेल आलाय, मे महिन्यात वर्गात येऊन पुस्तक वाचाल का विचारतायत. काय वाचू? नुसतं वाचायचं की अजून काही करायचं असतं?" मुलीच्या किंडरगार्टनपासून पाचवीपर्यंत मी दरवर्षी गेले. सुरुवातीला बरंच चुकलं. तुमचं तेवढं तरी चुकू नये म्हणून क्रमाने लिहिते आहे.

आधी पहिल्या वर्षाचं सांगते. मी लॅपटॉपवर वीस स्लाइड घेऊन गेले होते. महाराष्ट्राचा नकाशा, गुढी, वारली चित्रं, पैठणी, शिवनेरी. मिळालेली वेळ पंचवीस मिनिटं, त्यातली अठरा माझ्या बोलण्यात गेली. समोर रगवर बसलेली पाच-सहा वर्षांची मुलं बुटांच्या पट्ट्या उघडत-लावत बसली. शेवटी पुस्तक उघडलं तेव्हा मात्र सगळी गुडघ्यांवर सरकत पुढे आली. एकाला चित्रातला कुत्रा दाखवायचा होता, दुसरीला तिच्या आजीबद्दल सांगायचं होतं, आणि तेवढ्यात वेळ संपली. निघताना शिक्षिका हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी फक्त पुस्तक आणा." पुढची सगळी वर्षं मी त्या एका सूचनेवर चालले. खाली जे लिहिलंय तेही तिच्यातूनच आलंय.

मे महिनाच का, हे माहीत असू द्या, कारण चौथी-पाचवीची मुलं हमखास विचारतात. अमेरिकेत मे हा आशियाई अमेरिकन आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या वारशाचा महिना म्हणून पाळतात. सुरुवात १९७९ मध्ये एका आठवड्याने झाली, १९९० पासून महिना झाला आणि १९९२ मध्ये तसा कायदाच झाला. मे निवडण्याची कारणं दोन. ७ मे १८४३ ही पहिल्या जपानी स्थलांतरिताच्या आगमनाची तारीख मानतात. आणि १० मे १८६९ ला देशाच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग युटामध्ये पूर्ण झाला, ज्यासाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले होते. आमच्या न्यू जर्सीत तर २०२२ मध्ये कायदा झाला, आणि आशियाई अमेरिकन लोकांचा इतिहास शाळेच्या अभ्यासक्रमात आला. त्यामुळे इथे शिक्षिका स्वतःच पालकांच्या शोधात असतात.

आणखी एक गोष्ट घरीच मिटवून जा. 'एशियन' म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर चिनी-जपानी माणसंच येतात. मुलांचंही तसंच असतं. पहिलीत माझ्या मुलीला एका मैत्रिणीने सांगितलं होतं, "तू एशियन नाहीस, तू इंडियन आहेस." मुलगी गोंधळून घरी आली. आम्ही दोघींनी नकाशा काढला आणि भारत कुठल्या खंडात आहे ते बोट ठेवून पाहिलं. इथल्या जनगणनेत भारतीयांचा रकाना १९८० पासून आशियाईंमध्ये आहे. म्हणजे व्हिएतनामी, कोरियन, पाकिस्तानी, फिलिपिनो लेखकांची पुस्तकं हीसुद्धा या महिन्यात 'आपलीच' पुस्तकं आहेत. निवड करताना याचा फार उपयोग होतो.

१. शिक्षिकेला मार्चमध्येच विचारा

मे महिना भरगच्च असतो. तिसरीपासून पुढच्या वर्गांच्या राज्याच्या परीक्षा स्प्रिंगमध्येच येतात, शिवाय फील्ड ट्रिप आणि वर्षअखेरचे कार्यक्रम. मार्चमध्ये चार ओळींचा ईमेल टाका: मी अमुकची आई किंवा बाबा, वर्गात एक चित्रपुस्तक वाचायला आवडेल, वीस-पंचवीस मिनिटं पुरतील, पुस्तकाचं नाव आधी कळवीन. काही वर्गांत 'मिस्टरी रीडर'ची पद्धत असते. त्यात कोण येणार हे मुलांना आधी सांगत नाहीत, तेव्हा घरी गुपित राखावं लागतं.

पुस्तक आधी शिक्षिकेला दाखवायचंच. वर्गात कुणाच्या घरी नुकता मृत्यू झालाय, कोण नुकतंच दुसऱ्या देशातून आलंय, कोण कशाने बिथरतं, हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नाही.

२. कागदपत्रं आणि सामान

- फोटो असलेलं ओळखपत्र. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट. फ्रंट ऑफिसमध्ये दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत.
- शाळेचा व्हॉलंटिअर फॉर्म. काही डिस्ट्रिक्टमध्ये पार्श्वभूमीची तपासणी किंवा बोटांचे ठसेही लागतात, आणि त्याला काही आठवडे जाऊ शकतात. फ्रंट ऑफिसला फोन करून आधीच विचारा.
- गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड. मे महिन्यात ही पुस्तकं शेल्फवर सापडत नाहीत, एप्रिलच्या सुरुवातीलाच होल्ड लावा, म्हणजे पुस्तक आपल्या नावाने राखून ठेवायला सांगा.
- चिकटणाऱ्या छोट्या पिवळ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल.
- पाण्याची बाटली. मोठ्याने वाचताना घसा सुकतो.

सामानात खाऊ नाही, हे लक्षात आलं असेल. बेसनाचे लाडू करून नेण्याचा मोह मलाही होतो. पण मुलांना ॲलर्जी असतात, काजू-बदाम तर फार धोक्याचे, आणि बऱ्याच शाळांत घरचे पदार्थ वर्गात चालतच नाहीत. लाडू घरी करा, मुलीच्या मैत्रिणी खेळायला आल्या की त्यांच्या आईला विचारून द्या.

३. पुस्तक निवडणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

पहिली कसोटी: पुस्तकातल्या मुलाचं किंवा मुलीचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असावं. लाज, रुसवा, भीती, हट्ट, काहीही. नुसती सणांची माहिती देणारं पुस्तक मुलं ऐकून घेतात आणि विसरतात. दुसरी कसोटी: ज्या घरातली गोष्ट आहे ते घर लिहिणाऱ्याने आतून पाहिलेलं असावं. 'टिक्की टिक्की टेम्बो' हे १९६८ चं पुस्तक अजून लायब्रऱ्यांत सापडतं, त्यात एका चिनी मुलाचं लांबलचक नाव हा विनोदाचा विषय आहे. ते नाव चिनी भाषेतलं नाहीच. ज्या वर्गात नवीन आलेल्या मुलाच्या नावाला आधीच हसतात, त्या वर्गात ते वाचू नका. आफ्रिकन अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार म्हटलं होतं: आरशात मूल स्वतःला बघतं, खिडकीतून दुसऱ्याचं जग, आणि दारातून त्या जगात शिरतं. शिक्षिका हे शब्द रोज वापरतात, तुमच्याही कानावर पडतील. आपल्या मुलाला आरसा मिळावा म्हणून आपण जातो. बाकी एकवीस मुलांसाठी तीच खिडकी असते, तेव्हा तिच्यातून बघायला काहीतरी हवं.

आता मी वाचलेली, वर्गात टिकलेली पुस्तकं.

किंडरगार्टन आणि पहिलीसाठी सुप्रिया केळकर यांचं 'द मेनी कलर्स ऑफ हरप्रीत सिंग' (२०१९). हरप्रीतला मनःस्थितीप्रमाणे पटक्याचा रंग निवडायची सवय आहे, आणि घर बदलून नव्या गावी गेल्यावर रंगांचं काय होतं, एवढीच गोष्ट. शीख नसलेली मुलंही लगेच आपल्या मोज्यांचे, टोप्यांचे रंग सांगायला लागतात. केळकर हे आडनाव पाहून आपल्याला आनंद होतोच. थोड्या मोठ्या मुलांसाठीची त्यांची 'अहिंसा' ही कादंबरी त्यांच्या पणजी अनसूयाबाई काळे यांच्यावरून सुचलेली आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या, पुढे नागपूरच्या खासदार झालेल्या त्याच अनसूयाबाई. याच वयासाठी आयशा सईद यांचं 'बिलाल कुक्स डाल' (२०१९) आहे. डाळ शिजायला वेळ लागतो आणि मित्रांना ती आवडेल की नाही याची बिलालला धाकधूक वाटते. आपल्या घरातल्या वरणाइतकी साधी गोष्ट.

दुसरी-तिसरीसाठी यांगसूक चोई यांचं 'द नेम जार' (२००१). कोरियाहून आलेल्या उन्हेच्या नावाची बसमध्ये टिंगल होते, म्हणून ती वर्गात नाव सांगतच नाही, आणि मुलं तिच्यासाठी एका बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकत जातात. ज्ञानदा, ऋग्वेद, अनघा अशी नावं असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाचायला घेण्याआधी घरी एकदा मुलाबरोबर वाचावं. माझ्या मुलीने ते ऐकून पहिल्यांदा सांगितलं की वर्गात तिला दोन वर्षं चुकीच्या नावाने हाक मारत होते आणि ती ओ देत होती.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात आणि नातवंडांना मराठी धड येत नाही, अशा घरांसाठी 'ड्रॉन टुगेदर' (२०१८). लेखक मिन ले, चित्रकार डॅन सँटाट. नातू इंग्रजी बोलतो, आजोबा थाई. दोघांनाही एकमेकांशी बोलता येत नाही. मग नातू चित्र काढायला बसतो, आणि आजोबाही आपली वही काढतात. शब्द अगदी थोडे आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचताना अडखळण्याची भीती वाटणाऱ्या पालकांनाही सोपं जातं.

तिसरी ते पाचवीसाठी माझं सगळ्यात आवडतं 'वॉटरक्रेस' (२०२१), लेखिका अँड्रिया वांग, चित्रकार जेसन चिन. याला २०२२ चं कॅल्डिकॉट पदक, म्हणजे अमेरिकेत चित्रपुस्तकातल्या चित्रांसाठी दिलं जाणारं पदक, मिळालं. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. बाओ फी यांचं 'अ डिफरंट पाँड' (२०१७) पहाटे मासे धरायला निघालेल्या व्हिएतनामी बापलेकाचं आहे. मासे हौसेसाठी नाहीत, रात्रीच्या जेवणासाठी आहेत, हे मुलं बरोबर ओळखतात. ॲलन से यांचं 'ग्रँडफादर्स जर्नी' (१९९३) वाचताना मात्र सांभाळा. इथे असलं की तिथली आठवण आणि तिथे गेलं की इथली, असं त्या आजोबांचं आहे. घरी चार वेळा वाचूनही वर्गात माझा आवाज दाटून आला होता.

केन मोचिझुकी यांचं 'बेसबॉल सेव्हड अस' (१९९३) पाचवीसाठी चांगलं आहे, पण आपणहून निवडू नका, शिक्षिकेबरोबर ठरवा. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते, छावण्यांत डांबलं, तो काळ त्यात आहे. जपान्यांना हिणवणारा शब्दही येतो. त्याचं काय करायचं हे आधी ठरलेलं हवं.

गणपतीचं पुस्तक नेऊ का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. पब्लिक स्कूलमध्ये धर्माबद्दल गोष्ट म्हणून वाचता येतं, पूजा-प्रार्थना करता येत नाही. शिक्षिका हो म्हणाल्या तर न्या.

४. घरी मोठ्याने वाचा, घड्याळ लावून

चित्रपुस्तक बहुतेक बत्तीस पानांचं असतं. घाई न करता वाचलं तर दहा-बारा मिनिटं. निदान तीनदा मोठ्याने वाचा. नावांचे उच्चार तपासा. बऱ्याच लेखकांनी आपल्या पुस्तकाबद्दल बोललेले व्हिडिओ मिळतात, त्यांत पात्रांची नावं त्यांच्याच तोंडून ऐका. आपल्या नावांची मोडतोड झाली की आपल्याला काय वाटतं ते आठवलं की हा अर्धा तास जड जात नाही.

जिथे थांबून विचारायचंय त्या पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावा. तीनच. मी एका वर्षी नऊ लावल्या होत्या आणि गोष्टीचा धागाच तुटला.

५. प्रश्न कसे विचारायचे

"यातून काय शिकलात?" हा प्रश्न विचारू नका. मुलं शिक्षिकेकडे बघून ठरलेलं उत्तर देतात: सगळ्यांशी चांगलं वागावं. आणि चर्चा तिथेच संपते.

माझ्या लेकीच्या शाळेत चित्रं बघताना तीन प्रश्न विचारतात, तेच मी उचलले. या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? एवढ्यावर अख्खा तास जाऊ शकतो. दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण मूल पुन्हा चित्राकडे वळतं आणि पुरावा शोधतं.

प्रश्न विचारलात की थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता खायला उठते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. पण हळू विचार करणारी मुलं चौथ्या-पाचव्या सेकंदालाच हात वर करतात.

'वॉटरक्रेस'मध्ये ओहायोतून जाणारं एक चिनी कुटुंब आहे. आईवडील रस्त्याकडेला गाडी थांबवतात आणि मुलांना पाण्याने भरलेल्या चरातून वॉटरक्रेस या पाण्यात उगवणाऱ्या पालेभाजीचा पाला खुडायला लावतात. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझी आजी चिपळूणजवळ पावसाळ्यात वाटेवरचा टाकळा खुडायची, तेव्हा बरोबर चालताना मीही ओळखीचं कुणी येतंय का ते बघायचे. ही आठवण मला वर्गात सांगायची होती, पण सांगितली नाही. पानावर चिठ्ठी होती, तिथे थांबले आणि विचारलं, काय दिसतंय?

डाव्या बाजूला मक्याचं शेत आहे, उजव्या बाजूला आईचं चीनमधलं लहानपण. मी पाचपर्यंत मोजलं. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "मका बदलतोय." शिक्षिकांनी विचारलं, कशावरून? तो उठून पुढे आला आणि त्याने दोन पानांमधल्या घडीवर बोट ठेवलं. "इथपर्यंत मका आहे. इथून पुढे बांबू." खरंच तसं होतं. मी ते पुस्तक घरी पाच-सहा वेळा वाचलं होतं, मला दिसलं नव्हतं. मग एक मुलगी म्हणाली, "आईला गाडीत बसल्या बसल्या तिचं आधीचं गाव दिसतंय म्हणून." वर्ग शांत झाला होता. यावर मी काय बोलणार होते? पान उलटलं.

या पुस्तकात पुढे आई तिच्या भावाची, १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात गेलेल्या, गोष्ट सांगते. म्हणून वर म्हटलं की पुस्तक शिक्षिकेला आधी दाखवा.

६. वाचनाच्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोहोचा, ऑफिसात स्टिकर लावायला वेळ जातो. पुस्तक चेहऱ्याच्या बाजूला, पूर्ण उघडं धरा, नाहीतर घडीतलं चित्र झाकलं जातं. वर्गात पान मोठ्या पडद्यावर दाखवणारा डॉक्युमेंट कॅमेरा असेल तर तो मागा. मुखपृष्ठावर लेखक आणि चित्रकार दोघांची नावं वाचा. आपल्या उच्चारांची काळजी करू नका, मुलांना सवय असते. फोटो किंवा व्हिडिओ घेऊ नका. बाकी मुलांच्या पालकांची परवानगी नसते, आणि वाचनाचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं तर लेखक-प्रकाशकांच्या हक्कांना बाधा येते.

७. चर्चेत होणारी पंचाईत

कुणीतरी जेवणाच्या चित्राला "शी!" म्हणतं. रागावू नका, हसूनही सोडू नका. "तू हे खाल्लंयस का? मग चित्रातल्या मुलाला तुझं 'शी' ऐकून काय वाटेल?" एवढं विचारलं की पुरतं. कुणी बोटांनी डोळे ताणले तर तिथल्या तिथे शांतपणे थांबवा आणि पुढचं शिक्षिकेवर सोपवा. ते त्यांचं काम आहे आणि त्या ते करतात.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. 'अ डिफरंट पाँड' वाचताना मला माहीत होतं की वर्गातल्या एका मुलीचे आईवडील व्हिएतनामचे आहेत. मी तिच्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडेही असंच असतं का?" बावीस माना तिच्याकडे वळल्या. तिने मान खाली घातली, स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली आणि शेवटपर्यंत वर पाहिलं नाही. तिला मासे धरण्याबद्दल काही माहीत नसेल, किंवा खूप माहीत असेल. दोन्ही तिचं होतं, मी मागायचं नव्हतं. आपल्या स्वतःच्या मुलालाही हे करू नका. "सांग ना, आपण दिवाळीला काय करतो?" असं सगळ्यांसमोर विचारणं मुलांना नको होतं. त्यांना बोलायचं असेल तर ती हात वर करतात.

प्रश्न पुस्तकातल्या मुलाबद्दल विचारला की मुलं आपणहून स्वतःबद्दल बोलतात. 'वॉटरक्रेस' वाचताना "रस्त्यावरून गाडी जाताना या मुलीला खाली वाकून लपावंसं का वाटलं?" असं मी विचारलं, तेव्हा पहिला हात एका गोऱ्या मुलाचा होता. त्याच्या बाबांच्या जुन्या ट्रकचा आवाज फार मोठा आहे, शाळेत सोडायला येतात तेव्हा सगळे बघतात, म्हणून तो कोपऱ्यावरच उतरतो. तीन-चार मुलांनी माना डोलावल्या.

सगळ्यांना बोलायचं असेल आणि वेळ नसेल तर शिक्षिका "टर्न अँड टॉक" म्हणतात. मुलं शेजारच्याशी एक मिनिट बोलतात. तुम्हीही म्हणू शकता.

८. निघण्यापूर्वी आणि नंतर

पुस्तक वर्गाच्या शेल्फसाठी भेट देता आलं तर फार उत्तम. कडक पुठ्ठ्याच्या नव्या पुस्तकाला साधारण अठरा-वीस डॉलर पडतात, दोन-तीन घरांनी मिळून घ्या. जमत नसेल तर आणखी चार पुस्तकांची नावं एका कागदावर लिहून शिक्षिकेला द्या. त्या नोव्हेंबरमध्येही वाचतील, मे महिन्याची वाट पाहायची गरज नाही.

गावच्या लायब्ररीत पुस्तक नसेल तर खरेदीसाठी सुचवण्याचा फॉर्म वेबसाइटवर असतो, त्याला पाच मिनिटं लागतात. 'ड्रॉन टुगेदर'साठी मी तो भरला होता. पुस्तक आल्याचा ईमेल आला म्हणून मुलीला घेऊन गेले, तर तिच्या वर्गातला ट्रकवाल्या बाबांचा मुलगा काउंटरशी उभा होता. त्याचा होल्ड माझ्यानंतरचा होता. मुलीने पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि आम्ही दोन आठवडे थांबलो.